अनलॉक फोन, कंपनी बदलली. कॉल लागतात पण नेट चालेना (सोलापूर)

सुताचं_गोदाम | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले, एका फोनपायी आमचं काम अडून बसलंय. सविस्तर लिहितेय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं गोदाम आहे. वडील (आम्ही अप्पा म्हणतो) ६८ वर्षांचे. व्यापाऱ्यांचं सगळं त्यांच्या एकाच नंबरवर चालतं. समोरचा व्हॉट्सॲपवर डिझाइन मागतो, अप्पा टॉवेल पेटीवर पसरतात, काठावर आपला तळहात ठेवतात म्हणजे बघणाऱ्याला रुंदी कळते, आणि फोटो पाठवतात. पंचवीस वर्षं ओळखणारे व्यापारी त्या हाताच्या फोटोवर ऑर्डर देतात.

दिवाळीत धाकटा भाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्याने स्वतःचा अँड्रॉइड फोन अप्पांना दिला. तिथे तो एका कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला. हप्ते फिटले, कंपनीने लॉक काढून दिलं. इथे आमचं सिम घातलं, भावाने सेटिंगमध्ये कायतरी केलं आणि नेट सुरू झालं. पाच महिने एक तक्रार नाही.

पण गोदामाच्या पत्र्याखाली जुन्या कंपनीची रेंज फार जायची, म्हणून नंबर पोर्ट केला. १९०० ला मेसेज, आठ अक्षरी कोड, सगळं रीतसर. गुरुवारी रात्री जुनं सिम मेलं, शुक्रवारी सकाळी नवं लागलं. कॉल येतात, कॉल जातात. नेट मात्र अजिबात नाही. सिग्नलच्या काड्या भरलेल्या, शेजारी ४जी असं काही उमटत नाही.

हेच सिम माझ्या फोनमध्ये घातलं की नेट पळतं. रिचार्ज झालेलं आहे. फोन चार वेळा बंद-चालू केला, विमान मोड करून पाहिला.

कंपनीच्या काउंटरवर (नाव लिहीत नाही, कुणाला बोल लावायचा नाही) एकाने सांगितलं, परदेशी फोन आहे, इथे नेट चालणार नाही. दुसऱ्याने सांगितलं, सिम बदलून देतो, उद्या या. एका दुकानात फ्लॅश मारायचे (म्हणजे फोनचं सॉफ्टवेअर नव्याने टाकायचे) दीड हजार सांगितले. भावाला विचारलं तर म्हणतो, कसलं तरी नाव टाकलं होतं, आता आठवत नाही.

अप्पा काल दिवसभर माझ्या फोनवरून काम करत होते. प्रत्येक व्यापाऱ्याला आधी सांगायचं, मी अमुक बोलतोय, हा मुलीचा नंबर आहे. त्यांना ते फार लागलंय. फोन भावाने दिलेला, त्यामुळे बदलायलाही तयार नाहीत. काय करू?

सात_रस्ता | सोमवार, रात्री १०.०५

ताई, एपीएन बघितलं का? नव्वद टक्के वेळा तेच असतंय.

नवीपेठ_रिपेअर | सोमवार, रात्री १०.४०

ताई, दीड हजार कुणाला देऊ नका. सिमपण बदलू नका. आधी हे वाचा.

नवी पेठेत १४ वर्षं रिपेअरिंग करतोय. वर्षात असे पंधरा-वीस फोन येतात, बहुतेक पोराबाळांनी बाहेरून पाठवलेले. घरच्यांची समजूत असते की अनलॉक झाला म्हणजे फोन सगळ्या कंपन्यांना चालणार. लॉक म्हणजे दारावरचं कुलूप. ते निघालं, आता कुठलंही सिम आत येऊ शकतं. पण आत आलेल्या सिमने इंटरनेटकडे कुठल्या दारातून जायचं हे फोनला कुणीतरी सांगायला लागतं. त्या दाराचं नाव म्हणजे एपीएन, ॲक्सेस पॉइंट नेम. आपल्याकडं विकलेल्या फोनमध्ये आपल्या सगळ्या कंपन्यांची नावं आधीच भरलेली असतात, म्हणून कुणाला कळतपण नाही की असं काही असतंय. अमेरिकेत कंपनीच्या दुकानातून घेतलेल्या फोनमध्ये त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असतं. त्यात आपली नावं असतीलच असं नाही.

तुमच्या भावाने दिवाळीत हेच टाकलं असणार, हाताने, जुन्या कंपनीचं. अँड्रॉइड ही नावं सिमच्या कंपनीप्रमाणे वेगळी ठेवतो. नवं सिम आलं की जुनं नाव दिसतच नाही, आणि नव्याचं कुणी टाकलेलंच नाही. म्हणून पाच महिने चाललं आणि शुक्रवारी बंद पडलं. फोन बिघडलेला नाही.

बरं, तुम्ही सिम दुसऱ्या फोनात घालून बघितलं हे फार चांगलं केलं. त्यावरून कळलं की सिमवर नेट चालू आहे. ज्यांचं दुसऱ्या फोनातपण चालत नाही त्यांनी आधी १९२५ ला इंग्रजीत स्टार्ट असा मेसेज करायचा. डेटा सेवा चालू-बंद करायचा तो सगळ्या कंपन्यांचा एकच नंबर आहे. कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या सिमवर कुणीतरी कधीकाळी डेटा बंद करून ठेवलेला असतो.

आता तुमच्यासाठी. सेटिंग, नेटवर्क आणि इंटरनेट, सिम, त्यात खाली ॲक्सेस पॉइंट नेम. यादी रिकामी असेल तर वर अधिकचं चिन्ह. फक्त दोन रकाने भरायचे. नाव काहीपण द्या, अप्पा लिहिलं तरी चालेल. एपीएनच्या रकान्यात कंपनीप्रमाणे, इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता: जिओ असेल तर जिओनेट. एअरटेल असेल तर एअरटेलजीपीआरएस, मग टिंब, मग कॉम. व्ही (व्होडाफोन-आयडिया) असेल तर नुसतं तीनदा डब्ल्यू. बीएसएनएल असेल तर बीएसएनएलनेट. युजरनेम, पासवर्ड, प्रॉक्सी, पोर्ट सगळं रिकामं.

एमसीसी नावाच्या रकान्यात ४०४ किंवा ४०५ आपोआप आलेलं असेल. तो भारताचा आकडा, सिमवरून येतो. त्याला आणि त्याखालच्या एमएनसीला हात लावू नका. ते बदललं तर नोंद सेव्ह होऊनसुद्धा यादीत दिसत नाही आणि माणूस वेडा होतो.

सुताचं_गोदाम | मंगळवार, सकाळी ११.१५

दादा, खूप आभार. तुम्ही म्हणता तसंच निघालं, यादी कोरी होती. अधिक दाबून नाव टाकलं, एपीएन टाकलं, मागे आले, तर यादी पुन्हा कोरी. तीनदा केलं. दर वेळी गायब. ४०४ ला हात लावलेला नाही.

कंपनीच्या काउंटरवरून आत्ता फोन आला, सिम बदलायला या म्हणून. जाऊ का?

नवीपेठ_रिपेअर | मंगळवार, सकाळी ११.३०

मागे येऊ नका ताई! भरून झाल्यावर वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं आहेत, ती दाबा, त्यात सेव्ह. नुसतं मागे आलं की काही फोन सगळं टाकून देतात, विचारतसुद्धा नाहीत. सेव्ह झाल्यावर यादीत नाव दिसेल, त्याच्यापुढचा गोल दाबून भरायचा. तो रिकामा राहिला तर नाव असून नसल्यासारखं.

आणि सिम बदलायला जाऊ नका. तुमच्या फोनमध्ये तेच सिम चालतंय ना, मग सिममध्ये दोष कसा? सिम बदललं की सुरक्षेसाठी २४ तास मेसेज बंद ठेवतात. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. गोदामाचा व्यवहार त्याच नंबरवर आहे म्हणताय, एक दिवस तोपण अडकेल.

देगाव_नाका | मंगळवार, दुपारी १२.१०

दादांच्या म्हणण्यात भर. १ जुलै २०२४ पासून असा नियम आहे की सिम बदललं तर पुढचे ७ दिवस पोर्टचा कोडच मिळत नाही. सिम-अदलाबदल करून नंबर पळवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. उगीच बदलून घेतलं आणि मग पुन्हा जायचं ठरलं तर अडकाल. तसंही एकदा पोर्ट केलं की ९० दिवस थांबावंच लागतं.

सुताचं_गोदाम | मंगळवार, दुपारी १.४०

सेव्ह झालं. यादीत नाव दिसतंय, गोलही भरला. पण नेट अजून नाही. कधी कधी काड्यांशेजारी उद्गारचिन्ह येतं, मग तेही जातं.

होटगी_रोड | मंगळवार, दुपारी २.२०

ताई स्पष्ट सांगतो, अमेरिकेचे फोन इथल्या फ्रिक्वेन्सीला चालत नाहीत. माझ्या मेव्हण्याचा असाच होता, शेवटी कपाटात ठेवला. वेळ घालवू नका, दहा-बारा हजारांत चांगला नवा फोन येतो.

खांबावरचा_माणूस | मंगळवार, दुपारी ३.३५

होटगी रोडवाल्या दादांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अर्ध्या खऱ्यापायी चांगला फोन कपाटात जायला नको, म्हणून जरा लांबण लावतो. दूरसंचारात ३१ वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे.

प्रत्येक कंपनीला सरकारने वेगवेगळ्या लहरींचे पट्टे दिलेले आहेत. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे फोनच्या माहितीपत्रकात बघताना बँड ५, ३ आणि ४०. एअरटेलचं मुख्यतः ९००, १८००, २१०० आणि २३०० वर, बँड ८, ३, १ आणि ४०. बीएसएनएलचं नवं स्वदेशी ४जी, ज्याचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं, ते ७०० आणि २१०० वर आहे, बँड २८ आणि १. अमेरिकेत यातला बँड ५ पूर्वीपासून वापरात आहे, त्यामुळे तिकडच्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये तो असतो. २८ आणि ४० तिथल्या कंपन्यांना लागत नाहीत, म्हणून जुन्या अमेरिकी फोनमध्ये ते नसायचे. मेव्हण्यांच्या फोनचं बहुधा तेच झालं असेल. गेल्या काही वर्षांतल्या महागड्या फोनमध्ये मात्र बहुतेक सगळे पट्टे असतात.

आता गोदामाचं. लहर जितकी खालची, तितकी ती भिंतीतून आत शिरते. ७०० आणि ८५० आत येतात, २३०० दारातच अडखळते. आणि पत्रा तर सगळ्यांना परतवतो. खाली सुताच्या पेट्यांची थप्पी असेल तर विचारूच नका. म्हणून पत्र्याखाली उभं राहून कुठल्याही फोनची परीक्षा घेऊ नये.

ताई, एवढं करा. फोन घेऊन गोदामाबाहेर उघड्यावर या, किंवा घरच्या गच्चीवर जा. वायफाय बंद. विमान मोड चालू करून दहा सेकंदांनी बंद करा आणि वरच्या पट्टीकडे बघत राहा. ४जी हे अक्षर क्षणभर जरी उमटलं, तरी फोन तुमच्या कंपनीचा पट्टा पकडतोय असं समजा. मग दोष नावात आहे, लहरीत नाही.

सुताचं_गोदाम | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

काका, गच्चीवर गेले होते. ४जी उमटलं! साधारण दोन सेकंद. मग गेलं. पुन्हा विमान मोड केला, पुन्हा तसंच. अप्पा शेजारी उभे होते, त्यांनाही दिसलं.

खांबावरचा_माणूस | मंगळवार, संध्याकाळी ७.०५

उत्तम. म्हणजे टॉवर फोनला आत घेतोय, आणि फोन दाराचं नाव सांगतो तेव्हा परत पाठवतोय. नावात चूक आहे. एपीएनच्या रकान्यात गेलात की शेवटच्या अक्षरानंतर बोट ठेवा आणि कर्सर कुठे उभा राहतो ते बघा. अक्षराला चिकटून उभा आहे, की थोडा अंतर सोडून?

सुताचं_गोदाम | मंगळवार, संध्याकाळी ७.२०

काका!!! अंतर सोडून होता! शेवटी एक रिकामी जागा होती. ती खोडली, तीन टिंबं, सेव्ह, गोल भरला, आणि हातातल्या हातात फोन थरथरायला लागला. शुक्रवारपासूनचे सगळे मेसेज एकदम आले, २१४. अप्पा खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, आधी बार्शीच्या शेठजींचा बघ.

ती जागा कशी आली तेही कळलं. मी पहिली चार अक्षरं टाकली, कीबोर्डने वर पूर्ण शब्द सुचवला, मी तो दाबला. सुचवलेला शब्द घेतला की कीबोर्ड स्वतःहून पुढे एक जागा सोडतो. वाक्य लिहिताना ती हवीच असते, त्यामुळे कधी लक्षातच आलं नव्हतं.

नवीपेठ दादा, काका, तुम्हा दोघांचे कसे आभार मानू. दादा, तुमच्या दुकानात शेंगाचटणी पोचवते.

नवीपेठ_रिपेअर | मंगळवार, रात्री ८.००

काका, नमस्कार तुम्हाला. चौदा वर्षांत मी ही जागा अशी शोधलेली नाही. मी आपलं सगळं खोडून परत टाकायचो आणि चालू व्हायचं, का चालू झालं ते कळायचं नाही. आजपासून गिऱ्हाइकाला सांगताना म्हणणार, सुचवलेला शब्द घेऊ नका, एकेक अक्षर दाबा.

ताई, चटणी नको, पण अप्पांना घेऊन एकदा या.

पुण्यात_नोकरी | मंगळवार, रात्री ९.१५

याच धाग्यात विचारतो. आईकडे बाहेरून आणलेला आयफोन आहे, अनलॉक. सेटिंगमध्ये अबाउटला सिमवर निर्बंध नाहीत असं दाखवतो. कंपनी बदलल्यावर नेट गेलं. आयफोनमध्ये एपीएनचा रकानाच दिसत नाही. आई सोलापुरात रेल्वे लाइन्सला, मी पुण्यात, फोनवरून किती सांगणार?

नवीपेठ_रिपेअर | मंगळवार, रात्री ९.४०

आयफोनमध्ये तीन गोष्टी बघायच्या. पहिली, वायफायला जोडून जनरल, अबाउट उघडून अर्धा मिनिट थांबायचं. कॅरियर सेटिंगचं अपडेट असेल तर आपोआप विचारतो, हो म्हणायचं. बऱ्याच वेळा एवढ्यावर भागतं.

दुसरी, जनरलमध्ये व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट. तिथे जुन्या कंपनीचं प्रोफाइल बसलेलं आहे का बघा. असलं तर काढा. कंपनीचं प्रोफाइल असताना फोन त्यातलंच एपीएन वापरतो आणि तुम्हाला बदलू देत नाही. परदेशात काही स्वस्त कंपन्या असं प्रोफाइल घालूनच नेट चालू करून देतात. ते तिथून इथपर्यंत फोनबरोबर येतं. ऑफिसचं प्रोफाइल असेल तर ते मात्र काढू नका.

तिसरी, एवढं करून नाही झालं तर नेटवर्क सेटिंग रीसेट. त्यात फोटो, नंबर काही जात नाही, पण वायफायचे सगळे पासवर्ड जातात. आईंकडे वायफायचा पासवर्ड लिहिलेला आहे का ते आधी विचारा. नाहीतर नेट नाही आणि वायफायपण नाही असं होतंय, आणि तुम्ही पुण्यात.

पुण्यात_नोकरी | मंगळवार, रात्री १०.२०

प्रोफाइल होतं. काढलं. चालू झालं. आईने व्हिडिओ कॉल केला आत्ता, तुम्हाला आशीर्वाद सांगितलाय.

मैंदर्गी_वेस | बुधवार, सकाळी ८.३०

आमचं दुखणं जरा वेगळं हाय, बघा कुणाला सांगता येतंय का. मी अक्कलकोट तालुक्यात, शेत पार हद्दीला. फोन अनलॉकच हाय, भाच्यानं दुबईवरनं आणलेला. दोन महिन्यामागं कंपनी बदलली. सोलापुरात नेट चालतंय, अक्कलकोटात चालतंय, शेतात गेलं की कॉल चालतंय पण नेट बंद. जुन्या कंपनीत असं नव्हतं. ऊस तोडीचे मेसेज शेतातच बघाय लागतात.

खांबावरचा_माणूस | बुधवार, सकाळी ९.१०

पाटील, शेतात गेल्यावर काड्यांशेजारी इंग्रजी आर अक्षर येतं का बघा. येत असेल तर तुमचा फोन शेतात कर्नाटकाचा टॉवर पकडतोय.

आपल्या देशाचे दूरसंचार परिमंडळांत भाग पाडले आहेत. सोलापूर महाराष्ट्र परिमंडळात, पलीकडचं इंडी, आळंद, कलबुर्गी कर्नाटकात. लहरींना शिवेचा दगड कळत नाही, जो टॉवर जोरात ऐकू येईल त्याला फोन चिकटतो. कंपनी तीच, पण फोनच्या हिशेबी ते परमुलूख, म्हणजे रोमिंग. आणि फोनमध्ये डेटा रोमिंग म्हणून वेगळं बटण असतं. ते बंद असलं की कॉल चालतात, नेट थांबतं. काही फोनमध्ये भारतातल्या भारतात हे बटण बघितलंच जात नाही, काही बाहेरच्या फोनमध्ये काटेकोर पाळलं जातं.

जुन्या कंपनीचा अलीकडचा टॉवर तुमच्या शेताला जवळ असणार, नव्या कंपनीचा पलीकडचा. एवढाच फरक.

मैंदर्गी_वेस | बुधवार, सकाळी ९.२५

आर येतंय काका. बटण चालू केलं तर जादा पैसे कापतील का?

खांबावरचा_माणूस | बुधवार, सकाळी ९.४०

देशात फिरताना आजकालच्या पॅकमध्ये तोच डेटा वापरला जातो, वेगळं कापत नाहीत. तुमच्या पॅकच्या माहितीत राष्ट्रीय रोमिंग असं लिहिलेलं असतं, एकदा वाचून घ्या. परदेशात जाताना मात्र हेच बटण आठवणीने बंद करा, तिथे त्याचं बिल हजारोंत येतं.

मैंदर्गी_वेस | बुधवार, दुपारी १२.५०

बांधावर उभा राहून लिवतोय. चाललं.

सुताचं_गोदाम | बुधवार, दुपारी २.१५

मंडळी, पुन्हा तुम्हालाच त्रास देते. नेट उत्तम चालतंय. आज एक नवीन लक्षात आलं. अप्पा कॉलवर असले की नेट थांबतं. व्यापारी फोनवर म्हणतो, आत्ता फोटो टाका, आणि फोटो नुसता गोल फिरत राहतो. फोन ठेवला की जातो. कॉल चालू असताना वर ४जी जाऊन ई येतं.

खांबावरचा_माणूस | बुधवार, दुपारी ३.३०

ताई, हा वेगळा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर तुमच्या मनासारखं निघेलच असं वचन मी देत नाही.

४जी मुळात फक्त डेटासाठी बांधलेलं. त्यावरून बोलायचं असेल तर आवाजसुद्धा डेटाच्या रूपात पाठवावा लागतो, त्याला व्होल्टे म्हणतात. फोनमध्ये व्होल्टे असणं पुरत नाही, तुमच्या कंपनीची व्होल्टेची जुळणी त्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. अमेरिकी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बहुधा तिकडच्यांची असते, आपली नसते. मग कॉल आला की फोन ४जी सोडून २जीवर उतरतो, म्हणून ई दिसतं, आणि तेवढा वेळ नेट थांबतं.

तुमच्या नव्या कंपनीकडे २जी आहे म्हणून निदान कॉल तरी होतात. जिओने ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू केली ती थेट ४जीवर, २जी-३जी ठेवलंच नाही. तिथे व्होल्टे नसलेल्या फोनवर नेट चालतं आणि साधा कॉल मात्र लागत नाही, अगदी उलटं चित्र. बाहेरच्या फोनवाल्यांनी कंपनी निवडताना हे आधी बघावं.

सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टे किंवा ४जी कॉलिंग असं बटण दिसतं का? दिसलं तर चालू करा. मग फोनचं सॉफ्टवेअर अपडेट आलंय का बघा.

नवीपेठ_रिपेअर | बुधवार, संध्याकाळी ५.००

आणि चांदणी-चौकट वगैरे आकडे दाबून जी गुप्त पाटी उघडते, तिच्यात जाऊन व्होल्टे चालू करा असे व्हिडिओ फिरतात. काही फोनमध्ये होतं, काहींत फोन बंद-चालू केला की परत जातं. घरी करू नका. त्याच पाटीत नेटवर्कचा प्रकार चुकून ४जी-ओन्लीवर गेला तर अप्पांचे कॉलपण बंद पडतील.

सुताचं_गोदाम | गुरुवार, सकाळी १०.३०

बटण नाही. अपडेटही नाही. भावाने तिकडे कंपनीला विचारलं, ते म्हणाले आमच्या देशाबाहेर खात्री नाही.

सात_रस्ता | गुरुवार, सकाळी १०.५०

ताई, मग साधा उपाय. गोदामात ब्रॉडबँड घेणार असाल तर कॉल चालू असताना फोटो वायफायवरून जाईल. कॉल २जीवर, नेट वायफायवर, दोन्ही एकाच वेळी चालतात.

देगाव_नाका | गुरुवार, सकाळी ११.२०

हे बरोबर आहे. शिवाय व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवरच कॉल केला तरी प्रश्न मिटतो. तो कॉल डेटावरूनच येतो, फोन ४जी सोडत नाही.

मुंबईचा नंबर घेऊन इकडे राहायला आलेल्यांसाठी एक सांगून ठेवतो, कारण मी त्यात भरडलो होतो. मुंबई हे वेगळं परिमंडळ आहे, पुणे-सोलापूर मात्र एकाच महाराष्ट्र परिमंडळात. मुंबईचं सिम सोलापुरात कायम रोमिंगवरच असतं. म्हणजे वर मैंदर्गीच्या दादांना सांगितलेलं बटण तुम्हालाही लागू. आणि पोर्ट करताना परिमंडळ बदलत असेल तर ३ ऐवजी ५ कामाचे दिवस लागतात. चौथ्या दिवशी काउंटरवर जाऊन वाद घालू नका.

सुताचं_गोदाम | पुढचा गुरुवार, रात्री ९.००

आठवडा झाला म्हणून लिहिते. ब्रॉडबँड शनिवारी बसलं. राउटर पत्र्याखाली लोखंडी कपाटावर ठेवला होता, तिथून पेट्यांमागे वायफाय जाईना. काकांचं पत्र्याचं आणि पेट्यांचं आठवलं, मग तो काढून भिंतीवर, अप्पांच्या खुर्चीसमोर लावला. आता पोचतं.

अप्पांनी स्वतःहून एक केलं. एपीएनचं नाव एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, खाली लिहिलं, शेवटी जागा नको, तीन टिंबं, सेव्ह, गोल. ती चिठ्ठी फोनच्या कव्हरमध्ये मागे ठेवलीय. काल शेजारच्या कारखान्यातले अण्णा त्यांचा फोन घेऊन आले, त्यांच्या जावयाने सौदीवरून पाठवलेला. अप्पांनी चष्मा लावला, चिठ्ठी काढली आणि त्यांच्या फोनमध्ये एकेक अक्षर दाबत बसले. मी मध्ये पडले नाही.

फक्त अण्णांची कंपनी वेगळी होती, नाव चुकलं. दादा, बाकीच्या तिन्हींची नावंही त्यांना तशीच मोठ्या अक्षरांत लिहून देऊ का?

नवीपेठ_रिपेअर | पुढचा गुरुवार, रात्री ९.१०

द्या ताई. आणि एक चिठ्ठी माझ्या दुकानासाठीपण लिहून घ्या त्यांच्याकडून. काउंटरच्या काचेखाली ठेवतो.